गाळणीचा तिसरा प्रश्न

१

शुक्रवारी सकाळी सुनीती राजवाडे ऑफिसात शिरली, तेव्हा पूर्णिमाची खुर्ची रिकामी होती आणि बद्रीनाथ तिच्या कॉम्प्युटरला चिकटपट्टी लावत होता. चक्क चिकटपट्टी! कीबोर्डवरून, पडद्यावरून, पार मागच्या वायरींपर्यंत.

"काय हो बद्रीनाथ, कॉम्प्युटरला जखम झाली का?"

बद्रीनाथ हसला नाही. कंपनीची सगळी यंत्रं सांभाळणारा हा बुलढाण्याचा माणूस एरवी कारण नसताना हसायचा. आज त्याच्या कपाळावरचा बुक्कासुद्धा घामाने ओघळला होता. "सरांनी सांगितलंय, ताई. कुणी हात लावायचा नाही. पूर्णिमाला घरी पाठवलंय."

येरवड्यात टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर ही एवढीशी कंपनी. साल दोन हजार तीन. ज्याला त्याला अमेरिकेची कामं हवी होती, आणि अवधूत भागवत नावाचा मालक मात्र मराठीतून चालणारं सॉफ्टवेअर करायचं म्हणून हट्टाला पेटला होता. सुनीतीने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, घरी बसून भिंती मोजायचा कंटाळा आला, आणि इथे येऊन ती दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढू लागली. "तुला पगार कशाचा मिळतो?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "नावं ठेवण्याचा. पुण्यात राहून एवढं तरी यायलाच हवं."

ते काम तिला मिळवून दिलं अनंत पानसे यांनी. कंपनीतले सर्वांत ज्येष्ठ, कसबा पेठेतले, सगळ्यांचे 'काका'. खोलीभर मोठे कॉम्प्युटर होते त्या काळापासून ते या धंद्यात होते. रोज ग्रामदैवताचं दर्शन घेऊन यायचे, कपाळावर अष्टगंधाचा टिळा. नवा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जायचा असला की खिशातून पितळी डबी काढून सगळ्यांच्या कपाळी गंध लावायचे. देव न मानणारा अवधूतसुद्धा त्या वेळी मुकाट कपाळ पुढे करायचा.

आज तेच काका आपल्या जागेवर पाठमोरे बसले होते. सुनीती जवळ गेली तशी ते हळूच म्हणाले, "सुनीती, तू बघ यात. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. पोरीचं वाटोळं होऊ देऊ नकोस."

केबिनमध्ये अवधूतचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बसा सुनीतीताई. आपल्या रक्तपेढीच्या प्रोग्रॅमने घात केला. बुधवारी एका रिक्षावाल्याला अपघात झाला म्हणून आणलं, संभाजी नाव. घाईत कुणीतरी दुसऱ्याच गटाची पिशवी दिली. गट जुळत नसेल तर आपल्या मशीनने बोंब मारायची. ते गप्प बसलं! नर्सला त्याची हुडहुडी दिसली म्हणून पिशवी काढली. मूत्रपिंडं बंद पडत चाललीत. वाचेल की नाही, कुणी सांगत नाही."

"आणि यात पूर्णिमा कुठे आली?"

"गाळणीतली एक ओळ काढून टाकलीय, ताई. गेल्या शनिवारी, खंडेनवमीच्या संध्याकाळी. पूर्णिमाच्या कॉम्प्युटरवरून, पूर्णिमाच्या नावाने." अवधूतने डोळे चोळले. "हॉस्पिटलवाल्यांना उद्या दुपारपर्यंत नाव हवंय. नाव दिलं की ते पोलिसांत जाणार."

२

ही गाळणी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हॉस्पिटलच्या लोकांना आपले नियम आपणच मराठीत लिहिता यावेत, अशी त्या प्रोग्रॅमची रचना होती. 'देणाऱ्याचा_गट', 'घेणाऱ्याचा_गट' अशी नावं द्यायची आणि सांगायचं, की हे दोन जुळले नाहीत तर घंटा वाजव. पण कॉम्प्युटर म्हणजे पक्का सोवळा. नावात कुठलं अक्षर चालतं, कुठलं नाही, याचे त्याचे नियम असतात. म्हणून प्रत्येक नाव आधी गाळणीतून जायचं आणि गाळणी प्रत्येक अक्षराला प्रश्न विचारायची. पहिला, या अक्षराने नाव सुरू होऊ शकतं का? आकड्याने होत नाही, नुसत्या वेलांटीने होत नाही. दुसरा, हे अक्षर नावाच्या पोटात चालतं का? आणि तिसरा प्रश्न पूर्णिमाने स्वतःच्या डोक्याने घातलेला. हे अक्षर डोळ्यांना दिसतं का?

काढली होती ती हीच तिसरी ओळ.

सुनीतीने स्कूटी काढली ती थेट विश्रांतवाडीला. पूर्णिमा वाकोडे एका बंगल्यामागच्या खोलीत भाड्याने राहायची. अकोल्याची मुलगी, बाप शाळेत शिपाई, घरातली पहिली इंजिनियर. दार उघडलं तेव्हा डोळे सुजलेले होते, पण चहा टाकायला ती विसरली नाही.

"ताई, मले काहीच समजून नाही राहिलं," ती म्हणाली. घाबरली की तिची वऱ्हाडी वर यायची. मग सावरून बोलू लागली. "ती ओळ मीच घातली, मी कशाला काढू? पहिल्याच चाचणीत माझ्याच गावाकडच्या नावाने फसवलं होतं मला. 'वऱ्हाड' मी दोन वेगळ्या कॉम्प्युटरांवर लिहिलं आणि कॉम्प्युटर म्हणाला, ही दोन वेगळी नावं आहेत. दिवसभर डोकं धरून बसले. शेवटी कळलं, हा 'ऱ्ह' किंवा 'ऱ्या' दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेने लिहिलं की आत एक जोडचिन्ह बसतं. ते पडद्यावर दिसत नाही, कागदावर उमटत नाही, पण कॉम्प्युटरच्या पोटात असतं."

"आणि ते चालतं त्याला?"

"आपण ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो ती म्हणते, असो बापडं! दोन्ही प्रश्नांतून ते सुटतं. म्हणून मी तिसरा प्रश्न घातला. दिसत नसेल तर परत पाठव."

"खंडेनवमीला तू होतीस कुठे?"

"पूजा झाली, पेढे खाल्ले, सगळ्यांबरोबर निघाले. इथेच होते. घरमालकीण गावाला गेली होती, पाहिलं कुणीच नाही." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती फाईल तेव्हा माझ्या नावावर होती, ताई."

ही त्यांच्या कामाची रीत सुनीतीला ठाऊक होती. वाचनालयातलं पुस्तक एकाने नेलं की दुसऱ्याला मिळत नाही, तसं होतं ते. एखादी फाईल एकाने काढून घेतली की ती त्याच्याच कॉम्प्युटरवरून बदलता यायची, बाकीच्यांना नुसती वाचता यायची. म्हणजे ज्याला कुणाला ती ओळ काढायची होती, त्याला पूर्णिमाच्या खुर्चीत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पासवर्डचं म्हणाल, तर ते काही गुपित नव्हतं. सुटीवर जाणारा माणूस तो शेजारच्याला सांगूनच जायचा.

"सोमवारी तुला काही वेगळं दिसलं?"

पूर्णिमाने ओढणी सोडली. "फाईल परत गेलेली होती. वाटलं, कुणाला तरी लागली असेल. आणि कीबोर्डला पूजेचं लावलेलं होतं, ते मी रुमालाने पुसलं." तिने उशाखालून घडी केलेला रुमाल काढला आणि सुनीतीच्या हातात दिला. "हा तुमच्याकडे असू द्या."

"याचं मी काय करू गं?"

"असू द्या," ती म्हणाली आणि कपबश्या विसळायला उठली.

सुनीतीने रुमाल पर्समध्ये टाकला. पोरगी काहीतरी गिळून बसलीय, हे तिला दिसत होतं. पण काय, ते कळेना.

३

हॉस्पिटलच्या बोळात एक बाई भिंतीला टेकून खाली बसली होती. मांडीवर खाकी शर्ट, खिशावर रिक्षाचा बिल्ला तसाच लावलेला. उत्कर्षाने सुनीतीला बाजूला ओढलं. गिऱ्हाइकाकडे जाऊन प्रोग्रॅम बसवून देणं हे उत्कर्षाचं काम.

"संभाजीची बायको," ती कुजबुजली. "परवापासून जागची हललेली नाही. मी समोरून जाते ना, तर विचारते, 'ताई, तुमचं मशीन काय म्हणतंय?' काय सांगू मी तिला?"

"मला सांग. खंडेनवमीला इथे झालं काय?"

"काय म्हणजे, फजिती! दसऱ्याच्या मुहूर्तावर उद्घाटन, विश्वस्त हार आणून बसलेले, आणि आपली गाळणी निम्मे नियम परत पाठवत होती. दिसायला सगळं चोख. मी रडकुंडीला आले आणि सगळ्यांना मेल टाकली, कुणीतरी सोडवा रे बाबांनो. संध्याकाळी पूर्णिमाच्या नावाने नवीन गाळणी आली. सोबत अक्षर नाही की ओळ नाही. मी बसवली, तिने सगळे नियम घेतले, आणि मी सुटले एकदाची."

"सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?"

"सर, काका, बद्रीनाथ, तुम्ही, पूर्णिमा."

सुनीती ओठ चावून उभी राहिली. तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, ती मेल तिने सोमवारी वाचली. पूर्णिमाच्या खोलीतही नव्हता. मग घरी बसून मेल वाचणार कोण? ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तो. म्हणजे अवधूत, काका आणि जुनी यंत्रं जोडून घरी एक उभं केलेला बद्रीनाथ. ऑफिसच्या किल्ल्याही या तिघांकडेच, आणि चौथी पूर्णिमाकडे, कारण ती जवळ राहायची.

"इथे नियम लिहितं कोण?"

"दोघं. बाहेर कारकून, त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर. आत डॉक्टर, त्यांच्याकडे नवा."

सुनीती आधी बाहेर बसली. 'घेणाऱ्याचा_गट' असं लिहिलं. मग आत जाऊन नव्या कॉम्प्युटरवर तेच लिहिलं. दोन्ही नावं पडद्यावर शेजारी ठेवली. जुळ्या भावंडांत आईला तरी फरक कळतो, इथे तोही नव्हता. पण कॉम्प्युटरला विचारलं तर म्हणे, वेगवेगळी. एका कीबोर्डवरून ते न दिसणारं जोडचिन्ह येत होतं, दुसऱ्यावरून नाही.

तिने बुधवारच्या नोंदी उघडल्या. संभाजीचा गट कारकुनाने एका नावाखाली भरला. घंटेचा नियम डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने लिहिला. घंटेने पाहिलं तर तिच्या नावाखाली काहीच नाही. आणि गट अजून कळला नसेल तर गप्प राहा, असं तिला सांगितलेलंच होतं. बिचारी घंटा शहाण्यासारखी गप्प राहिली. कुणी विष कालवलं नव्हतं. कुणीतरी फक्त एका अडलेल्या मुलीची अडचण दूर केली होती.

बाहेर येताना संभाजीच्या बायकोने तिच्याकडे मान वर करून पाहिलं. "तुमी बी मशीनवाल्याच का?"

"हो," सुनीती म्हणाली. आणि पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधत ती पुढे निघाली.

४

"मला एक सांगा, अवधूत," ऑफिसात परतल्यावर तिने विचारलं, "ती ओळ काय करते ते तुम्हाला माहीत होतं?"

"खरं सांगू? गाळणी आहे हे माहीत होतं. आत काय आहे, ते बघून वर्ष झालं. माझ्याकडेही किल्ली आहे, मी घरीच होतो, बायकोशिवाय साक्षीदार नाही. घ्या माझाही संशय."

"तो घेतलाच आहे. परवानगी कुणी मागितली?"

अवधूत ओशाळून हसला आणि लगेच गंभीर झाला. "ताई, मला त्या मुलीला अडकवायचं नाहीये. पण नाव दिलं नाही तर कंपनी बंद होईल, दिलं तर ती संपेल. दोन्हीकडून माझंच मरण आहे."

"तुमचं नव्हे. मरण तिकडे खाटेवर आहे," सुनीती म्हणाली आणि उठली.

बद्रीनाथने तर हातच जोडले. मेल त्याने वाचली होती, पण प्रोग्रॅम वाचणं त्याच्या बापजन्मात झालेलं नव्हतं. "वायरी विचारा मला, ताई. ओळी नका विचारू. आणि खंडेनवमीला यंत्राला शिवायचं? आमच्याकडे त्या दिवशी पहारीलासुद्धा हात लावत नाहीत."

त्याच वाक्याने सुनीतीचं डोकं चालू लागलं. खरंच की! त्या संध्याकाळी प्रत्येक कॉम्प्युटरला झेंडूची माळ होती. प्रत्येक कीबोर्डच्या लांब पट्टीवर हळदीकुंकू होतं. टायपिंग करायचं तर अंगठा पट्टीवर पडणारच, आणि अंगठा पडला की पूजा मोडणारच.

ती आतल्या स्वयंपाकघरवजा खोलीत गेली. दुर्गाबाई कपडा पिळत होत्या. लोहगावच्या बाई, ऑफिस झाडण्यापासून चहापर्यंत सगळं त्यांच्या अंगावर.

"दुर्गाबाई, खंडेनवमीला हळदीकुंकू तुम्हीच लावलंत ना?"

"मंग! दोन बोटं. हळद डावीकडं, कुकू उजवीकडं. समद्यांना येकसारखं."

"आणि पूजेचं ताट?"

"ते मी कपाटात घातलं आन् किल्ली कनवटीला लावली. मागल्या साली उंदरांनी परसाद खाल्ला न्हवं का?"

"दसऱ्याला परत आला होतात?"

"आपट्याची पानं ठेवाय आल्ते की, सायबांकडनं किल्ली घिऊन. समदं जागच्या जागी हाय का बघितलं." दुर्गाबाई थबकल्या. "पर पूर्णिमाताईच्या बटनांच्या पाटीवर येकच टिळा व्हता. मधोमध. म्हनलं, हळद उडाली असंल वाऱ्यानं."

सुनीती तिथेच स्टुलावर बसली. वाऱ्याने हळद उडेल. कुंकू उजवीकडून मध्ये कसं येईल?

कुणीतरी त्या कॉम्प्युटरवर बसलं होतं. टायपिंग करताना पूजा मोडली. मग त्या माणसाने पट्टी स्वच्छ पुसली आणि नवा टिळा लावला. म्हणजे चोरी लपवायला? तेवढंच असतं तर नुसतं पुसून चाललं असतं, सोमवारी कोण विचारतंय! पण मोडलेली पूजा तशीच टाकून जाणं त्याला सहन झालं नाही. देवदेव न मानणाऱ्या अवधूतच्या हे लक्षातसुद्धा आलं नसतं. पूर्णिमानेच केलं असतं तर तिने तो रुमाल आपणहून कशाला दिला असता? आणि पूजेचं ताट तर कुलपात होतं. मग टिळा लावला कशाने?

तिने पर्स उघडली, रुमाल उलगडला. पांढऱ्या कापडावर एकच डाग होता. हळदीचा पिवळा नाही, कुंकवाचा लाल नाही, बुक्क्याचा काळाही नाही. नारिंगी. आणि घडी मोडताच वास आला. चंदन आणि केशराचा, गोडसर. प्रत्येक प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाताना सुनीतीच्या स्वतःच्या कपाळाला येणारा वास.

"अगं बाई," ती म्हणाली.

५

कसब्यातल्या बोळात गाडी जात नाही. संध्याकाळी सुनीतीने स्कूटी तांबट आळीच्या तोंडाशी लावली आणि ठोक्यांचा आवाज मागे टाकत चालत गेली. देव करो नि माझं चुको, असं ती मनाशी म्हणत होती. काका देवळाच्या बाहेर, चपला काढायच्या जागेशी उभे होते. आत गेले नव्हते.

"आलीस?" ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

तिने रुमाल पुढे केला. काकांनी तो हातात घेतला नाही. नुसतं बघितलं आणि कट्ट्यावर बसले.

"एवढंच सांगा, अनंतराव. का?"

"मेल वाचली. ती उत्कर्षा रडतेय, दसऱ्याचा मुहूर्त टळतोय. पूर्णिमाच्या घरमालकिणीकडे फोन लावला, कुणी उचलेना. म्हटलं, आपण बघू. गाळणी उघडली. पहिला प्रश्न ठीक, दुसरा ठीक. तिसरा पाहिला आणि वाटलं, हे कसलं फॅड? न दिसणारं अक्षर! पोरं उगाच भुतं बघतात." काका कडू हसले. "इतकी वर्षं या धंद्यात काढली. मला न दिसणारं काही असेल, हे मनातच आलं नाही. काढून टाकली ओळ."

"तपासलं नाहीत?"

"तपासलं की. दोन्ही नावं लिहिली, मुद्दाम चुकीचा गट घातला. घंटा वाजली खणखणीत."

"दोन्ही नावं तुम्हीच लिहिलीत. एकाच कीबोर्डवर." सुनीतीला रडू येत होतं आणि रागही येत होता. "मला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतंत? आपल्या हाताचं आपण तपासू नये. दुसऱ्याच्या हातून तपासून घ्यावं."

"शिकवलं होतं खरं."

"आणि मग ती पूजा?"

"पट्टीवर सगळं फासलं गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा खंडेनवमीला यंत्राला हात लावला. तसंच सोडून जाववेना. डबी खिशात होती. टिळा लावला, माफी मागितली." त्यांनी खिशातल्या डबीवर हात ठेवला. "यंत्राची मागितली, बघ. सोमवारी पूर्णिमाला सांगणार होतो. राहिलं. मग बुधवार उजाडला, आणि नंतर तोंडच उघडेना. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. आणि ऑफिसात गेलो की सगळे 'काका, काका' करतात."

"त्या पोरीला उद्या पोलीस नेणार होते, अनंतराव! शिपायाची मुलगी आहे ती. अकोल्याला बातमी गेली असती तर तिच्या बापाने मान वर केली असती का?"

काका रुमालावरच्या डागाकडे बघत राहिले. आळीतले ठोके तेवढे ऐकू येत होते.

"हे मी अवधूतला सांगणार नाही," सुनीती शेवटी म्हणाली. "उद्या दुपारी नाव द्यायचंय. त्याआधी तुम्ही सांगा. नाही सांगितलंत, तर मग मी आहेच."

ती उठून चालू लागली. बोळाच्या वळणावर तिने मागे वळून पाहिलं. ते अजून तिथेच बसलेले होते. हा माणूस उद्या येईल की नाही, हे तिला अजिबात सांगता आलं नसतं.

६

शनिवारी सगळे जमले. अवधूतने पूर्णिमालाही बोलावून घेतलं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. घड्याळ पुढे सरकत होतं, अवधूतसमोरचा फोन दोनदा वाजून थांबला होता, आणि काकांची जागा रिकामी होती.

"सुनीतीताई, सापडलं काही?" अवधूतने विचारलं.

"थोडं थांबा."

"कशासाठी?"

सुनीतीने दाराकडे पाहिलं. आता आपणच तोंड उघडावं का, या विचारात ती होती, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काका आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर गंध नव्हतं. ते बसले नाहीत.

"ओळ मी काढली," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "पूर्णिमाचा काही संबंध नाही. अवधूत, हॉस्पिटलला माझं नाव दे. मी तिकडूनच येतोय, तिथे सांगून आलोय. संभाजीच्या बायकोलाही."

बद्रीनाथच्या हातातला चहाचा पेला खाली पडला. उत्कर्षा तोंडावर हात ठेवून रडायला लागली. अवधूत नुसता बघत राहिला, घरातल्या वडीलधाऱ्याला चोरी करताना पाहावं तसा.

"काय म्हणाली ती?" सुनीतीने हळूच विचारलं.

"काही नाही. म्हणाली, 'बाबा, तुमी तरी आलात.' लघवी थोडी सुरू झालीय म्हणे त्याची. डॉक्टर अजून हो म्हणत नाहीत, पण नाही म्हणायचं थांबलेत." काका पूर्णिमाकडे वळले. तिच्यासमोर त्यांची मान खाली गेली. "पोरी, तुझा मी अपराधी आहे. मला वाटलं होतं, कुणाला काही कळायचं नाही."

"मला कळलं होतं, काका," पूर्णिमा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सोमवारीच. पट्टी पुसली आणि रुमालाला तुमच्या गंधाचा वास आला. फाईलही परत गेलेली. म्हटलं, काकांना काही बघायचं असेल. ओळ गेलीय, हे गुरुवारी समजलं."

"मग बोललीस का नाहीस गं?" सुनीती जवळजवळ ओरडलीच. "तुला तुरुंगात जायचं होतं का?"

"कोण ऐकणार होतं, ताई? अकोल्याहून आलेली पोर, आणि कसब्यातल्या काकांवर आळ घेते, असंच म्हटलं असतं ना?" ती म्हणाली. अवधूत टेबलाकडे बघू लागला. पूर्णिमा पुढे बोलू लागली. "आणि पुण्यात आले तेव्हा पहिला आठवडा मी यांच्या घरी जेवले. खोली यांनीच शोधून दिली. रुमाल तुम्हाला दिला, ताई, पण नाव माझ्या तोंडून निघेना. काका स्वतः येऊन सांगतील, असं वाटत होतं. कालसुद्धा दिवसभर दारावर कुणी आलं की वाटायचं, तेच असतील. मी वाट पाहत होते, काका."

काका पुढे आले. मग खिशातून ऑफिसची किल्ली आणि ती पितळी डबी काढली. किल्ली अवधूतपुढे ठेवली. डबी हातात घेऊन क्षणभर तसेच उभे राहिले आणि ती परत खिशात घातली.

"मी हॉस्पिटलात बसतो," ते म्हणाले. "पोलीस आले तर तिथेच सापडेन."

ते जिना उतरून गेले. मग पूर्णिमा उठली, आपल्या कॉम्प्युटरची चिकटपट्टी तिने एकेक करून सोडवली आणि गाळणी उघडली. तिसरा प्रश्न पुन्हा जागेवर घातला. ती हॉस्पिटलात बसवायला उत्कर्षा थांबलीच होती.

"पाठवू?" पूर्णिमाने विचारलं.

"थांब," सुनीती म्हणाली. "तू ऊठ. मी बसते. तुझ्या हाताचं तू तपासू नकोस."

पूर्णिमाने खुर्ची सोडली. सुनीती बसली. सवयीने तिचा हात कपाळाकडे गेला, तिथे काहीच नव्हतं. तिने डोळे पुसले आणि पहिलं नाव लिहायला घेतलं.